आधी सुई, मग पेटी

आमच्याकडे येणारा पाहुणा दिवाणखान्यातला रेकॉर्ड प्लेअर पाहतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘‘केवढ्याला पडला?’’ या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात कधीच देता आलेलं नाही. कारण आमचा प्लेअर एका दुकानातून, एका बिलावर आलेलाच नाही. तो वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी जमला. आणि त्यातला सर्वांत महाग तुकडा तर दिवाणखान्यात नाहीच. तो आमच्या सासूबाईंच्या उजव्या कानात आहे.

सासूबाई मूळच्या धारवाडच्या. १९६१ साली लग्न होऊन बंगळूरला आल्या, तेव्हा माहेरहून एक तानपुरा आणि ७८च्या रेकॉर्ड्सचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. तानपुरा पुढे नणंदेबरोबर म्हैसूरला गेला. रेकॉर्ड्स मात्र वाढत राहिल्या. सासरे बँकेत होते. बोनस झाला की घरात एखादी एल.पी. यायची आणि त्या महिन्यात एखादी साडी यायची राहायची, याबद्दल सासूबाईंची कधी तक्रार नव्हती. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व. ही सारी मंडळी धारवाड, हुबळी, गदग, बेळगाव याच पट्ट्यातली. त्यामुळे आमच्या घरात अभंग संपला की दासरपद लागायचं आणि दोन्हीला माना सारख्याच डोलायच्या. कानडी मुलखात मराठी घर चालवणं म्हणजे काय, हे मला त्या कपाटानंच शिकवलं.

रेकॉर्ड्स वाजायच्या त्या एच.एम.व्ही.च्या फिएस्टावर. सासऱ्यांनी तो १९७३च्या सुमारास घेतला होता. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या, फिएस्टाच्या आतलं रबर कडक झालं, तो माळ्यावर गेला. कपाटात एकशेचाळीसच्या आसपास एल.पी. आणि तीसेक ७८ तशाच उभ्या राहिल्या. दर दिवाळीला सासूबाई त्या पुसायच्या, इतकंच.

सप्टेंबर २०२२ मध्ये न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टरांनी सांगितलं, ‘‘आजींना दर तासाला चार पावलं चालवा.’’ पण चालणार कोण? वॉकर कोपऱ्यात उभा आणि सासूबाई खुर्चीत बसलेल्या. ऐकूही कमी येत होतं. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागे. मग आम्ही सांगणं कमी केलं आणि त्यांनी विचारणं. ज्या घरात वृद्ध माणूस आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माणूस आजारी नसतो, पण खुर्चीत बसल्याबसल्या थोडा थोडा उठून जात असतो.

माझी लेक व्हाइटफील्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिनं फोन पुढे केला. ‘‘आजी, सगळं गाणं यात आहे. नाव सांग, लावते.’’

सासूबाईंनी पाच मिनिटं ऐकलं आणि फोन परत दिला. ‘‘यातलं तुझं गाणं, बाळ. माझं त्या कपाटात आहे की.’’

त्याच दिवाळीत पुण्याच्या भाच्यानं आजीसाठी एक रेकॉर्ड प्लेअर आणला. छोट्या सूटकेससारखा, झाकण उघडलं की आत सगळं तयार, स्पीकरसुद्धा त्यातच. हल्ली असे प्लेअर भेटवस्तू म्हणून खूप खपतात. रेकॉर्ड्सची हौस जगभर परत आली आहे. २०२२ साली अमेरिकेत एल.पी.चा खप नगांच्या हिशेबात सीडींपेक्षा जास्त झाला, १९८७ नंतर पहिल्यांदाच. भाच्यानं प्रेमानं आणलं, घरात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. पहिली एल.पी. लागली. सासूबाई डोळे मिटून बसल्या. आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘तानपुरा हलतोय.’’

आम्हाला काहीच हलताना ऐकू येईना. ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही त्यांना तानपुरा हललेला कसा कळतो? पण ते तसंच असतं. वयानं जातात ते आधी उंच, बारीक आवाज. खालच्या सुराची ओळख टिकून राहते आणि आयुष्यभर ज्याच्या कानात तानपुरा आहे, त्याला सूर केसभर डगमगला तरी कळतो. प्लेअरचा वेग स्थिर आहे की नाही, हे तपासायला तानपुऱ्यासारखी दुसरी कसोटी नाही. सतार, तबला यांत वेगाचा डगमगाट लपून जातो. तानपुऱ्यात लपत नाही.

आमचे ‘हे’ एच.एम.टी.च्या घड्याळ कारखान्यात होते. जलहळ्ळीचा तो कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं उभा राहिला होता, २०१६मध्ये एच.एम.टी.ची घड्याळं बंद करण्याचा निर्णय झाला, त्याआधीच हे निवृत्त झाले. पण डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर अजून खणात आहेत. सासूबाईंचं वाक्य ऐकताच त्यांनी ते बाहेर काढले. एक तर प्लेअरची फिरती थाळी रेकॉर्डपेक्षा बरीच लहान होती. बारा इंची तबकडी कडेनं अधांतरी डुलत होती. दुसरं, सुईचा हात साधा प्लॅस्टिकचा, मागे वजन सरकवून भार कमी-जास्त करायची सोय नाही. त्यांनी काट्यावर सुईचा भार मोजला, तो पाच ग्रॅमच्या वर निघाला. चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. तिसरं, स्पीकर त्याच पेटीत, म्हणजे स्पीकरची थरथर पेटीतून परत सुईत.

आता भार पाच ग्रॅम असला म्हणून एका दिवसात रेकॉर्ड मरत नाही, हेही खरं. नव्या सिनेमाची रेकॉर्ड महिन्यातून एकदा लावणाऱ्याला असा प्लेअर पुरतो. पण आमच्या कपाटातल्या काही रेकॉर्ड्स पुन्हा मिळणाऱ्या नव्हत्या. प्लेअर बिघडला तर दुसरा मिळेल. खाच झिजली की तिच्यातला बारीक आवाज कायमचा गेला. आमच्या सगळ्या खरेदीचं सूत्र त्या संध्याकाळी ठरलं: जे रेकॉर्डला शिवतं, त्यावर आधी खर्च. जे नुसतं दिसतं, त्यावर शेवटी.

पैसे सासूबाईंचेच. त्यांची साठ हजारांची एक मुदत ठेव मार्च २०२३ मध्ये पिकली. ‘‘हे माझ्या गाण्याचे,’’ म्हणाल्या. ‘‘यातून डाळ-तांदूळ आणायचे नाहीत आणि यापुढे एक रुपया घालायचा नाही.’’

इथे आमच्या घरात दोन पक्ष पडले. लेकीचं म्हणणं, चांगला नवा टर्नटेबल घ्या, तीस-पस्तीस हजारांचा, विषय संपला. माझं म्हणणं वेगळं होतं. गाणं रेकॉर्डच्या खाचेतून सुईत, सुईतून ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून स्पीकरमध्ये आणि स्पीकरमधून कानात जातं. या साखळीतली सगळ्यांत कच्ची कडी कोणती, ते आधी बघा. आमच्या घरात ती उघड होती. तीस हजारांचा टर्नटेबल आणून ऐकणारीला अर्धंच ऐकू येणार असेल, तर तो कुणासाठी?

सासूबाई श्रवणयंत्राला कित्येक वर्षं नकार देत होत्या. ‘‘लोकांचं बोलणं ऐकून काय करायचंय?’’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. या वेळी मी म्हटलं, ‘‘आई, बोलणं नका ऐकू. मन्सूर ऐका.’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

नणंद म्हैसूरला असल्यामुळे तिथल्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत दाखवलं. १९६५ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे एक उपयोगी गोष्ट कळली, ती वाचकांना मुद्दाम सांगते. श्रवणयंत्र मुळात बोलणं समजावं म्हणून जुळवलेलं असतं. बारीक आवाज ते मोठे करतं, मोठे आवाज दाबतं आणि सतत चालणारा आवाज गोंगाट समजून कमी करू पाहतं. आता तानपुरा म्हणजे सतत चालणारा आवाजच! त्यामुळे अनेक डिजिटल यंत्रांत संगीतासाठी दुसरी जुळणी करून घेता येते आणि बटण दाबून ती बदलता येते. मात्र ती मागून घ्यावी लागते. आम्ही एका कानाचं यंत्र घेतलं, अठ्ठावीस हजारांचं. दुसऱ्या कानाला सासूबाईंनी ठाम नकार दिला. उरले बत्तीस हजार.

त्यानंतर सुरू झाला टर्नटेबलचा शोध, आणि त्यानिमित्तानं मी या गावात बत्तीस वर्षं राहून न पाहिलेलं बंगळूर पाहिलं. रविवारी पहाटे बी.व्ही.के. अय्यंगार रोड आणि अव्हेन्यू रोडच्या परिसरात जुना बाजार भरतो. कानडीत जुन्या मालाला ‘गुजरी’ म्हणतात. फूटपाथवर चादरी अंथरून घड्याळं, नळाच्या तोट्या, कॅमेरे, बूट, पंखे, आणि मधूनच एखादा कर्णा लावलेला ग्रामोफोन. हे कर्णेवाले ग्रामोफोन बघून हरखू नका. त्यातले बरेच शोभेसाठी अलीकडे जुळवलेले असतात, पितळ झगझगीत आणि आतली चावी दुसऱ्याच कुठल्या यंत्राची. एका विक्रेत्यानं मला सांगितलं, ‘‘अम्मा, हे ऐकायला नाही, फोटोला आहे.’’ इतका प्रामाणिक दुकानदार मला मॉलमध्ये भेटलेला नाही.

त्या बाजारात प्लेअर मिळाला नाही, पण रेकॉर्ड बघायची कशी ते कळलं. पाकिटातून काढून उन्हात तिरकी धरायची. वरवरचे ओरखडे चालतात. बोटाच्या नखाला लागतो तो ओरखडा चालत नाही. खाचांची चमक जाऊन राखाडी पट्टा दिसला तर ती जड सुईखाली झिजली आहे, कितीही पुसा. पांढरी बुरशी मात्र घाबरण्यासारखी नाही, ती बहुधा धुता येते. शास्त्रीय गाण्याच्या एल.पी. सिनेमाच्या रेकॉर्ड्सपेक्षा स्वस्त पडलेल्या असतात, असं मला तरी दिसलं. त्याचं वाईट वाटावं की बरं, हे ठरवता येत नाही.

एका ओळखीच्या घरी अमेरिकेहून आणलेला एक देखणा टर्नटेबल होता, तीन हजारांत द्यायला तयार. लेक तर डबा पाठवून मोकळी होणार होती. ह्यांनी तो उलटा केला आणि मागची पट्टी वाचली: ११० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरनं सुटतो. पण विजेच्या लहरींवर ज्याचा वेग ठरतो अशी मोटर आपल्या ५० हर्ट्‌झवर एक षष्ठांशानं सावकाश फिरते. मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांऐवजी अठ्ठावीसही नाहीत. म्हणजे काळी चारमध्ये गाणारा आवाज थेट पांढरी चारवर येतो. सासूबाई पहिल्याच षड्जाला उठून गेल्या असत्या. काही यंत्रांत पुली बदलून हे दुरुस्त होतं, काहींत मोटर विजेच्या लहरींवर अवलंबूनच नसते. पण नातेवाइकांनी परदेशातून काही आणून द्यायचं कबूल केलं असेल तर ती पट्टी आधी वाचून घ्या.

शेवटी मे २०२३ मध्ये बंगळूर सोडून मुलाकडे निघालेल्या एका गृहस्थांकडे ऐंशीच्या दशकातला जपानी टर्नटेबल मिळाला. बेल्टवर चालणारा, २२० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचा. रंग उडालेला, झाकणाला तडा. पण सुईच्या हाताला मागे वजन होतं, पुढचा भाग काढून बदलता येत होता आणि बेअरिंग घट्ट होतं. नऊ हजार सांगितले, नऊ हजार दिले. नवा बेल्ट एस.पी. रोडवर मिळाला. या रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक्सची इतकी दुकानं आहेत की तिथे काय मिळत नाही, ते विचारणं सोपं. वेग तपासण्यासाठी ह्यांनी कागदावर १८० काळ्या रेघांची तबकडी छापून घेतली. आपली वीज सेकंदाला पन्नास लहरींची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. वेग बरोबर असेल तर त्या उजेडात फिरत्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. पुष्कळ एल.ई.डी. दिव्यांखाली हा खेळ जमत नाही. आमच्या स्वयंपाकघरात एकच जुनी ट्यूब उरली होती, म्हणून टर्नटेबल पहिले दोन दिवस ओट्यावर होता आणि पोळ्या जेवणाच्या टेबलावर लाटल्या गेल्या.

खरा खर्च आता होता. नऊ हजारांच्या जुन्या यंत्राला साडेपाच हजारांचं नवं कार्ट्रिज बसवायचं, हे लेकीला विचित्र वाटलं. मी मात्र त्यावर अडून बसले. घेतलं ऑडिओ-टेक्निकाचं व्ही.एम. ९५ ई. हे निवडण्याचं कारण काटकसरीचंच आहे. याच कार्ट्रिजला वेगवेगळ्या दर्जाच्या सुया लागतात. आज साधी घ्या, उद्या पैसे आले तर नुसती सुई काढून बारीक धारेची लावा. ७८साठीसुद्धा जाड टोकाची वेगळी सुई मिळते. कार्ट्रिज तेच. अशी पुढची पायरी ज्या वस्तूत आधीच असते, ती थोडी महाग असली तरी स्वस्त पडते.

‘ई’ म्हणजे सुईचं टोक लंबगोल. साधं टोक गोल असतं. या फरकानं काय होतं, हे मला तांत्रिक भाषेत कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मला ते गाण्यातून कळलं. एल.पी. मिनिटाला ठरावीकच फेऱ्या घेते. पण बाहेरच्या कडेला फेरी मोठी असते, आतल्या लेबलाजवळ लहान. म्हणजे बाहेर सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, आत जेमतेम वीस-एकवीस. तेवढ्याच आवाजाला आत निम्म्याहूनही कमी जागा! खाचेतली वळणं दाटीवाटीनं बसतात आणि गोल टोक त्यांत नीट शिरत नाही. आता आपला ख्याल आठवा. बाजू सुरू होते ती विलंबितानं, निवांत, बाहेरच्या ऐसपैस खाचेत. द्रुत येतं, ताना येतात त्या शेवटी, म्हणजे सगळ्यांत अरुंद जागेत. गायक रंगात येतो नेमका तिथेच सुई कमी पडते. लहानपणापासून आपण ऐकत आलो की रेकॉर्ड संपत आली की आवाज फाटतो. मला वाटायचं, रेकॉर्डिंगच तसं असेल.

सुई बसवायचं काम चार तास चाललं. तिचा भार दोन ग्रॅम हवा होता. आमच्या घरचा काटा इतका बारीक दाखवेना, म्हणून नगरथपेटेत गेलो. तिथे सोन्या-चांदीची कामं चालतात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली मराठी मंडळी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. बंगळूरच्या गल्लीत तिकडची मराठी कानावर पडली की मला उगाच बरं वाटतं. अशाच एका दुकानात ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा कुठे मिळेल ते विचारलं. ‘‘कशाला पायजे काकू?’’ सांगितलं. ‘‘दोन ग्रॅम? एवढं तर आमच्याकडं झाडलोटीत निघतंय!’’ असं म्हणत त्यांनी शेजारच्या दुकानातून काटा आणून दिला. नंतर ह्यांनी भिंग डोळ्याला लावून, कागदी मापावर कार्ट्रिज सरळ केलं. एच.एम.टी.च्या चिमट्यांना कित्येक वर्षांनी काम मिळालं आणि घरात कुणी चहाचं नावही काढलं नाही.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत जुनंच घ्यायचं हे ठरलेलं होतं. कारण असं की, रेकॉर्ड कापताना खर्जाचे आवाज मुद्दाम दाबलेले असतात आणि बारीक आवाज वाढवलेले. तसं केलं नाही तर खर्जाच्या हेलकाव्यानं खाच शेजारच्या खाचेत घुसेल. वाजवताना ते उलट करून मूळ तोल परत आणावा लागतो. १९५४ साली अमेरिकेत याचं माप ठरलं, तेच पुढे सगळीकडे रूढ झालं. शिवाय चुंबकीय सुईतून निघणारा विजेचा अंश अगदी क्षीण, काही हजारांश व्होल्टचा. तो वाढवायला आणि हा तोल साधायला वेगळं सर्किट लागतं. जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘फोनो’ असं लिहिलेलं भोक असतं, त्याच्यामागे ते सर्किट असतं. नव्या स्वस्त ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा नसतं आणि मग निराळी डबी विकत घ्यावी लागते. सोनोडाइन, कॉस्मिक ही नावं आमच्या पिढीला आठवत असतील. तसाच एक देशी ॲम्प्लिफायर एस.पी. रोडवरच्या कारागिराकडून तपासून सहा हजारांत घेतला. साडेचार हजारांचे जुने स्पीकर आले. सुरुवातीला गाण्याखाली एक ‘घूं’ असा आवाज येत राहिला. टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडायची राहिली होती. ती जोडली आणि घरात एकदम शांतता झाली. शेजारच्या बाईंनी विचारलं, मिक्सर बिघडला होता का?

नातू आला की दिवाणखान्यात पळतो आणि सुई उडते. त्यावर उपाय म्हणून टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावरून काढून भिंतीवर घेतला. लोखंडी ब्रॅकेट ठोकले आणि वर शेजारच्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा ठेवला. या गावात ग्रॅनाइटचा तुकडा फुकट मिळतो, फक्त उचलायला दोन माणसं लागतात. खाली रबराचे चार ठोकळे, वर गवंड्याचं पाणसळ ठेवून पातळी बघितली. स्पीकर वेगळ्या स्टुलांवर. ब्रॅकेट, काटा, ब्रश, पाकिटं असं किरकोळ मिळून अडीच हजार. आवाजात पडलेला फरक बघितला तर स्पीकर बदलून पडला नसता इतका या दगडानं पडला, असं माझं मत आहे. ह्यांना ते मान्य नाही.

७८साठी मात्र निराळा मार्ग काढला. जपानी टर्नटेबलवर ७८चा वेग नव्हता. ह्यांनी माळ्यावरचा फिएस्टा उतरवला, मोटरला शिलाई मशीनचं तेल दिलं, कडक झालेल्या रबरी चाकाची कड बारीक पॉलिश पेपरनं घासून खरखरीत केली आणि तो फिरू लागला. त्याच्या सुईची कांडी फिरवायची असते, एका बाजूला एल.पी.ची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ची. ७८ची खाच सुमारे तिप्पट रुंद, तिच्यात एल.पी.ची सुई टाकली तर ती तळाशी खडखडत राहते. आणि या रेकॉर्ड्स प्लॅस्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत. ही लाख भारतातूनच जगभर जायची. सुतार फ्रेंच पॉलिश करतो ते स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच असते. म्हणून ७८ कधीही स्पिरिटनं पुसू नका, लाख सुटेल. एल.पी.लासुद्धा आम्ही बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, आणि पुन्हा नुसतं पाणी, इतकंच वापरतो. लेबल भिजू द्यायचं नाही. रेकॉर्ड्स उभ्याच ठेवायच्या, भिंतीच्या ओलीपासून लांब. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, हवा सौम्य. पण पाऊस लांबला की इथेही बुरशी धरते.

भाच्याची सूटकेस रेडिओसारखी फोनची गाणी लावायला नातवाच्या खोलीत आहे. तो आला की स्वतःच लावतो, त्याला राग आलेला नाही.

ज्या दिवशी सगळं जुळलं, त्या दिवशी सासूबाईंनी मन्सूरांची एल.पी. काढायला सांगितली. यंत्रावरचं संगीताचं बटण दाबलं. बाजू सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. शेवटच्या तानांना मी त्यांच्याकडे बघत होते. हात मांडीवर तालाला पडत होता. बाजू संपली, सुई आतल्या रिकाम्या खाचेत टिकटिक करत फिरू लागली. मी स्वयंपाकघरातून हात पुसत येतेय तोवर त्या वॉकर धरून उभ्या होत्या.

‘‘अहो आई, मी करते ना!’’

‘‘तुला जमायचं नाही. पिन अशी आपटतेस की.’’

टर्नटेबल आपोआप थांबणारा नाही. तसा घ्यावा, असं ह्यांच्या मनात होतं आणि मीही तेव्हा फारसा विचार केला नव्हता. पण बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते आणि खुर्चीपासून त्या दगडापर्यंत वॉकरची आठ पावलं आहेत. जायची आठ, यायची आठ. फिजिओथेरपीला येणारी मुलगी पंधरा दिवसांनी विचारू लागली, आजींना कुणी इतकं चालतं केलं? मी तिला एल.पी. दाखवली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

साठ हजारांतले साडेचार हजार उरले. त्यावर पुन्हा पक्ष पडले. लेकीला आणखी बारीक धारेची सुई हवी होती, ह्यांना स्पीकरच्या चांगल्या तारा. मला तारांवर पैसे घालणं पटत नाही. साधी जाड तांब्याची तार पुरते. सासूबाईंनी दोघांनाही गप्प केलं. सुई हिऱ्याची असली तरी झिजते आणि झिजली की तीच करवत होते. लंबगोल सुईचं आयुष्य तीनेकशे तासांचं, म्हणजे सुमारे नऊशे बाजू. हे त्यांनी ह्यांच्याकडून नीट समजून घेतलं आणि ते पैसे पुढच्या सुयांसाठी बाजूला ठेवायला लावले. किराण्याच्या जुन्या वहीत त्या प्रत्येक बाजूची एक रेघ मारतात, पाचव्याला आडवी. पहिली सुई वर्षाच्या आत संपली. सध्याच्या सुईची नोंद ८६१ पर्यंत आली आहे आणि नवी सुई डबीसकट त्यांच्या उशाशी ठेवलेली आहे.